हीटरचा चौथा बोर्ड

व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये हीटर नावाचा एक भाग असतो, हे मला पूर्वीपासून माहीत होतं. तो मुख्यतः माणसाचं डोकं तापवण्यासाठी असतो, हे मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

तसं समजायला अवघड काही नाही. जुन्या रेडिओत असायचा तसला काचेचा व्हॉल्व्ह आतून पेटावा लागतो. पेटला की तापतो, तापला की काम करायला लागतो. त्याला पेटवणारी आतली बारीक तार म्हणजे हीटर. तिला सहा व्होल्ट आणि वर थोडे लागतात. ते घरच्या लाइटीतून ट्रान्सफॉर्मरने खाली आणले, तर ती वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होत असते, आणि तिचा तो हेलकावा आवाजात उतरतो. माइक बंद असो, गाणं बंद असो, स्पीकरमधून एक जाड, सलग ‘घूं’ येत राहतो. तो घालवायचा असेल तर ही वीज सरळ करून द्यायची, बॅटरीतून येते तशी. त्यासाठी तळहाताएवढा एक बोर्ड बनवायचा. बस, एवढंच काम. त्यात माझे सात महिने गेले.

मी कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात देखभालीचं काम करतो. तिथली मशीन बंद पडली की माणसं माझ्याकडे डोळे लावून बसतात आणि मी बहुतेक वेळा त्यांना निराश करत नाही. पॅनल उघडायचं, मीटर लावायचा, दोष सापडतो. पळसदरीला घरी आल्यावर मात्र तळहाताएवढ्या बोर्डापुढे माझं काही चालत नव्हतं. शहाणपण गेटवर जमा करून घरी येतोस का, असं मी स्वतःलाच विचारत असे.

हा उद्योग मी हौसेखातर काढला नव्हता. त्यामागे बाबांची पेटी होती.

बाबांची भाताची खाचरं होती, आणि लग्नसराईत ते माइकवाले होते. पळसदरीपासून खालापूरपर्यंत कुठल्याही मांडवात त्यांचा कर्णा बांधलेला असायचा. त्यांच्याकडे राखाडी रंगाची एक लोखंडी पेटी होती. वरती जाळी, आणि जाळीतून दिसणारे चार व्हॉल्व्ह, पुढे दोन बारके, मागे दोन मोठे. तिला ते सेट म्हणायचे. सेट चालू केला की लगेच माइक कोणाला देत नसत. पेटीवर तळवा ठेवून, मान कर्ण्याकडे कलती करून उभे राहायचे. भटजी घाई करायचे, नवरदेवाचा मामा घाई करायचा. बाबा हलायचे नाहीत. मग कधीतरी मान हलवायचे आणि माइक भटजींच्या हातात द्यायचे.

नवीन घर बांधताना मी ती पेटी भंगारात दिली. फुटका पाटा, गंजलेली पत्र्याची ट्रंक आणि पेटी, सगळं एकाच टेंपोत. तेव्हा ती बरीच वर्षं बंद होती, आणि घरात नवीन फरशी बसत होती. बाबांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. चार दिवसांनी त्यांनी विचारलं, “सेट कुठं ठेवलास रं?” मी सांगितलं. त्यांनी फक्त “बरं” म्हटलं आणि ओट्यावर जाऊन बसले. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ऐकू येईनासं झालं. कर्जतला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं, आलेख काढला आणि मला दाखवला. रेघ डावीकडे बरी होती, उजवीकडे घसरत पार तळाला गेली होती. “उजवीकडचे, बारीक आवाज गेलेत,” डॉक्टर म्हणाले. “डावीकडचे, जाड आवाज अजून येतायत. पण तेही हळूहळू कमी होतील. बोलणं त्यांना कळत नाही, कारण बोलण्यातली अक्षरं बारीक आवाजात असतात.” मी मान हलवली. आलेख वाचणं माझं रोजचं काम, त्यामुळे मला सगळं समजलं असं मला वाटलं.

कानातलं यंत्र घेतलं. बाबांनी ते आठवडाभर लावलं आणि मग बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिलं. कानात सगळं जग भांडी घासतंय असं वाटतं, म्हणाले.

त्या दिवशी डॉक्टरांकडून परत येताना मोटारसायकलवर मागे बसून ते माझ्या कानाशी मोठ्याने बोलले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. “आपला सेट असता तं एकदा ऐकला असता. मंग गेलं कान तं गेलं.”

मी काही बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. पण पळसदरीचा फाटा येईपर्यंत माझं ठरलं होतं. सेट मी बनवणार, आणि त्यांचे कान पुरते जायच्या आत बनवणार. माझ्या हातून गेलेली वस्तू माझ्याच हातून परत यायला हवी होती.

सेट बनवणं त्या मानाने सोपं गेलं. जुने व्हॉल्व्ह आणि मोठा ट्रान्सफॉर्मर कुरिअरने मागवले, लोखंडी पेटी कारखान्याच्या शेजारच्या वेल्डरकडून करून घेतली, राखाडी रंगही तोच मिळवला. एका रविवारी सकाळी तो सुरू केला. चारही व्हॉल्व्ह आतून नारिंगी झाले. आणि स्पीकरमधून आला तो ‘घूं’.

बाबा खुर्ची ओढून पेटीजवळ बसले होते. त्यांनी वर तळवा ठेवला. बराच वेळ तसेच बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “वाजतोय रं.”

वाजत तर होताच. बहिऱ्यालाही कळेल इतका वाजत होता. मला शरम वाटली. ज्या माणसाला फटाक्याचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटतो त्यालाही माझ्या सेटमधला दोष ऐकू येतोय, म्हणजे काम किती फालतू झालं असेल. मी लगेच बटण बंद केलं. “थांबा, हा आवाज घालवतो,” असं मी हाताने खुणा करून सांगितलं. बाबांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. ते माझ्या आत्मविश्वासाचं नवल असावं असं मी धरून चाललो.

तर अशी या बोर्डाची सुरुवात.

घरी बोर्ड बनवायचा म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या पट्ट्यांचा नकाशा काढायचा. तो गुळगुळीत कागदावर छापायचा, तांब्याच्या पत्र्यावर पालथा ठेवून वरून गरम इस्त्री फिरवायची, शाई तांब्यावर उतरते. मग पत्रा एका तपकिरी द्रावणात बुडवायचा. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. हे द्रावण कपड्यांना, बोटांना आणि संसाराला कायमचे डाग पाडतं. पहिल्याच दिवशी मोरीच्या पांढऱ्या फरशीवर एक तपकिरी ओघळ पडला, तो आजही आहे. बायकोची इस्त्री घेतली ती न पुसता परत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्या साडीवर माझ्या नकाशाची एक रेघ उमटली.

“अवो, तुमच्या त्या दिव्यांना कपडे घालायचे हायत का?” ती म्हणाली. त्यानंतर मला स्वतंत्र इस्त्री आणावी लागली.

पहिला बोर्ड दिसायला इतका देखणा झाला की मी तो दोन दिवस नुसता टेबलावर ठेवून पाहत होतो. मग त्यावर सगळे भाग बसवले, मीटर लावला, तर व्होल्टेज काहीच्या काही. दोन रविवार त्यात गेले. प्रत्येक भाग काढून तपासला, परत बसवला. तिसऱ्या रविवारी दोष दिसला. छापताना मी नकाशा उलटा छापला होता, आरशात दिसतो तसा. त्यामुळे वीज एका पातळीवर धरून ठेवणारा जो तीन पायांचा भाग, रेग्युलेटर, त्याचा डावा पाय उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला होता. संतापाची गोष्ट अशी की बोर्डाच्या कोपऱ्यात मी हौसेने ‘हीटर’ असं लिहिलं होतं. तेही उलटंच उमटलं होतं. ते मी पाहिलंही होतं, आणि पाहून पुढे गेलो होतो. कारखान्यात एखाद्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतं.

दुसरा बोर्ड सुलटा झाला. सेटच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधून पुढच्या दोन बारक्या व्हॉल्व्हच्या हीटरला जी वीज जात होती, तीच मी या बोर्डात घेतली; हेलकावा आवाजात शिरतो तो तिथेच. दुपारी सुरू केला तर आवाज एकदम खाली. मी स्पीकरला कान लावला, जेमतेम कुजबुजल्यासारखा काही येत होता. जिंकलो असं वाटलं. बाबा डुलकी काढत होते म्हणून त्यांना उठवलं नाही. संध्याकाळी चहानंतर मोठ्या थाटात त्यांना पेटीपुढे बसवलं आणि बटण दाबलं.

संध्याकाळी आमच्या गावात लाइटीचा जोर कमी होतो. घरोघरी दिवे लागतात, शनिवार-रविवारी धरणाकडच्या बंगल्यांत पाहुणे येतात आणि त्यांचे एसी सुरू होतात. आमचा पंखा त्या वेळी फिरतो की विचार करतो तेच कळत नाही. माझ्या रेग्युलेटरला काम करायला वरून थोडं जास्तीचं व्होल्टेज लागतं, ते दुपारी कसंबसं होतं आणि संध्याकाळी उरलं नाही. त्याने हात टेकले. स्पीकरमधून ‘घूं’ऐवजी आता खरखरीत ‘घर्रर्र’ आला, पहिल्यापेक्षा मोठा.

बाबांनी तळवा ठेवला. त्यांचा चेहरा उजळला. “आता लय वाजतोय,” ते हसत म्हणाले.

मला तो टोमणा वाटला. बाबा तसे मिस्कील आहेत, हसत हसत माणसाची जिरवायची त्यांची जुनी सवय आहे. मी सेट बंद केला, बोर्ड काढला आणि ओट्यावर जाऊन बसलो. बाबांनी आतून दोनदा काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. बहिऱ्या माणसाशी अबोला धरण्यात काय अर्थ असतो ते मला विचारू नका.

हीटरच्या बोर्डाला स्वतंत्र छोटा ट्रान्सफॉर्मर हवा, एवढं त्यातून ठरलं. मला नेमका हवा तसा बाजारात मिळेना, म्हणून कर्जतच्या एका रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. हा माणूस शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी परत गुंडाळून देतो. सगळा तालुका त्याच्याकडे येतो. मी त्याला कागदावर लिहून दिलं: नऊ व्होल्ट, एक अँपिअर. त्याने कागद लांब धरला, जवळ धरला.

“एवढा बारका? कशाला पायजे?”

“हीटरला.”

“पानी तापवायचा?”

मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. व्हॉल्व्ह, गुणगुण, बाबा, सेट. त्याने मन लावून ऐकलं. माझ्या बाबांचा कर्णा त्याच्या बहिणीच्या लग्नात होता असं निघालं, मग तर तो जास्तच मन लावून ऐकायला लागला. शनिवारी या म्हणाला.

शनिवारी ट्रान्सफॉर्मर तयार होता, वार्निश मारून, दोरा गुंडाळून, अगदी निगुतीने केलेला. मी तो आणला, तिसरा बोर्ड बसवला, सेट सुरू केला. आवाज गेला. अर्धा तास मी हरखून बसलो. मग पुढचे दोन व्हॉल्व्ह हळूहळू विझले. रेग्युलेटरला बोट लावलं तर चटका बसला. तापून त्याने स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं होतं. गार झाला की परत सुरू व्हायचा, अर्ध्या तासाने परत विझायचा. मी त्याला पंखा लावला, ॲल्युमिनिअमचा मोठा तुकडा लावला, फरक पडला तो पाच-दहा मिनिटांचा. पुढचे तीन आठवडे मी बोर्डाचा नकाशा बदलत होतो, पट्ट्या रुंद करत होतो, भाग लांब लांब ठेवत होतो. ट्रान्सफॉर्मर मोजावा हे मला सुचलंच नाही, कारण माझ्या बाबांचा कर्णा ज्याच्या बहिणीच्या लग्नात होता त्या माणसाने तो केला होता.

शेवटी मोजला. नऊच्या जागी चौदा निघाले. रेग्युलेटरने या जास्तीच्या व्होल्टेजचं काय करायचं? त्याची उष्णता करायची, दुसरं काय.

मी तणतणत कर्जतला गेलो. रिवाइंडिंगवाला मोटारीच्या पोटात हात घालून बसला होता.

“मी नऊ लिहिलं होतं,” मी म्हणालो.

“नऊच धरलेलं.” तो शांतपणे म्हणाला. “पन तुमच्या पळसदरीला लाइट कमी असते ना. म्हनून वेढे जास्त टाकले. पंपाला तसाच करतो आमी. नायतर लोकं परत येतात, उचलत नाय म्हनून.”

त्याने माझी फसवणूक केली असती तर भांडता आलं असतं. त्याने माझ्या गावाची काळजी घेतली होती. जगात कुठल्याही पुस्तकात न लिहिलेली ही दुरुस्ती त्याने न सांगता, वरून फुकट केली होती. “हा पंप नाही हो,” एवढंच मी बोललो. त्याने माझ्यासमोर बसून जास्तीचे वेढे सोडवले. एकेक वेढा सुटत होता आणि तो जरा दुखावल्यासारखा दिसत होता.

“मंग बंद पडला तर मला सांगू नका,” तो म्हणाला.

बंद पडला नाही. पण ट्रान्सफॉर्मर सुधारून आणला तरी तिसऱ्या बोर्डावर एक बारीक ‘झूं’ शिल्लक राहिला. पट्ट्यांची इतकी फिरवाफिरव करून ठेवली होती की जड प्रवाहाची आणि नाजूक प्रवाहाची परतीची वाट एकच झाली होती. शिवाय सगळा हीटरचा भाग कुठेच अर्थिंगला बांधलेला नव्हता, नुसता अधांतरी होता. म्हणून चौथा बोर्ड. त्यात मी परतीच्या वाटा वेगळ्या केल्या आणि हीटरला एका ठिकाणी अर्थिंगशी नीट बांधलं. ‘हीटर’ हा शब्द लिहिला नाही. अपशकुन नको म्हणून.

या सात महिन्यांत बाबांचं काय चाललं होतं, हे सांगायला हवं. ते विचारत राहिले. मी कामावरून आलो, बूट काढतोय, की ओट्यावरून प्रश्न यायचा, “सेट लावतोस?” मी हाताने ‘अजून नाही’ अशी खूण करायचो. सुरुवातीला रोज, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एकदा बायको मला म्हणाली, “लावा की एकदा त्यांच्यासाठी. वाजला तर वाजला.” मी तिच्यावर खेकसलो. अर्धवट काम मी कारखान्यात देत नाही, बापाला देऊ? ती इस्त्री करत होती, तिने मान वर केली नाही. मधल्या काळात घरची बेल बाबांना ऐकू येईनाशी झाली होती. मग कुकरची शिट्टी गेली. मला घाई होती, ती या कारणाने होती, आणि घाईत मी त्यांचा सेट सात महिने बंद ठेवला होता.

चौथा बोर्ड एका रविवारी दुपारी बसवला. चार व्हॉल्व्ह पेटले. मी कान स्पीकरच्या कापडाला टेकवला. काही नाही. बाहेर कोंबडी ओरडत होती ती ऐकू येत होती, स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येत होता. मीटर लावला, तोही जवळजवळ शून्यावर. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, लाइटीचा जोर उतरू दिला, बंगल्यांचे एसी सुरू होऊ दिले. तरी काही नाही. मला रडू येईल की काय असं झालं. मी बाबांना हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं.

त्यांनी तळवा पेटीवर ठेवला. मान स्पीकरकडे कलती केली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग त्यांनी वाकून जाळीतून आत पाहिलं. व्हॉल्व्ह पेटलेले दिसत होते. परत तळवा ठेवला.

“वाजत नाय रं,” ते म्हणाले. “बिगडला का?”

मी जोरात सांगितलं, दोष गेलाय, आता स्वच्छ आहे. त्यांना कळेना. मग मी गाणं लावलं, जुन्या लग्नाच्या मांडवात लागायचं तसलं. आवाज मोठा केला. बायको आतून बाहेर आली, इतकं सुरेख येत होतं. बाबा ऐकत राहिले, कपाळाला आठ्या घालून. “कायतरी बोलतोय,” ते म्हणाले. “मला समजत नाय. पन सेट वाजत नाय.”

“वाजायला नकोच होता तो,” मी त्यांच्या कानाशी ओरडलो. “तुम्हीच म्हणाला होतात ना, वाजतोय म्हणून.”

“म्हनलो ना,” ते म्हणाले. “वाजला म्हंजे तापला. त्यो आवाज पयला आला पायजे. मंगच आमी माइक द्यायचो. वाजायच्या आधी माइक दिला का आवाज फाटतो. लग्नात मी त्याच्यावरच तं कान ठेवून असायचो.”

लहानपणी शंभर मांडवांत मी त्यांना पेटीवर तळवा ठेवून उभं राहिलेलं पाहिलं होतं. ते कशाची वाट पाहत असतील, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

“वाजतोय” ही तक्रार नव्हती. ती सेट तयार असल्याची त्यांची खूण होती. आणि तो जाडजूड ‘घूं’ त्यांच्या उरलेल्या कानांना ऐकू येत होता, गाणं येत नव्हतं. डॉक्टरांनी आलेख माझ्या हातात दिला होता. डावीकडे बरी असलेली रेघ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यांना सेटमधलं जेवढं ऐकू येणं शक्य होतं, नेमकं तेवढंच शोधून, चार बोर्ड बनवून, मी काढून टाकलं होतं.

मला राग आला. त्यांचा आला, की पहिल्याच दिवशी नीट का सांगितलं नाही. पण त्यांनी सांगितलं होतं, दोनदा, एकदा तर हसून सांगितलं होतं. मग माझाच आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

पुढच्या रविवारी मी पेटीच्या मागे एक बटण बसवलं. वर केलं की हीटरला चौथ्या बोर्डाची सरळ वीज, खाली केलं की ट्रान्सफॉर्मरची तीच जुनी हेलकावणारी. चौथा बोर्ड हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नेटकं काम आहे आणि ते बहुतेक वेळ बंद असतं. मी कामावरून आलो की बूट काढायच्या आधी बटण खाली करून सेट लावतो. बाबा येतात, तळवा ठेवतात, मान कलती करतात. “वाजतोय,” म्हणतात, आणि निवांत चेहऱ्याने बसून राहतात. गाणंबिणं आम्ही लावत नाही. मला ती गुणगुण अजून सोसत नाही. दात शिवशिवतात. पण मी शेजारी बसतो.

परवा ते बराच वेळ तळवा ठेवून होते. मग कान अगदी स्पीकरच्या कापडाजवळ नेला.

“आवाज कमी केलास का रं?” त्यांनी विचारलं.

मी कशालाही हात लावला नव्हता. ते चहा प्यायला आत गेले तेव्हा मीटर लावून पाहिला. आकडा पहिल्या दिवशी होता तोच होता.

बाहेर आल्यावर ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी मान हलवली, हो म्हणून, मीच कमी केलाय. बोटाने वरची खूण केली, वाढवतो.

आता कागद घेऊन बसलो आहे. सेटमधली गुणगुण घालवायची कशी, यावर जगभरच्या लोकांनी पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत. ती वाढवायची कशी, हे कोणीही लिहिलेलं नाही.